आज नाही

बुधवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो. शनिवारी पहाटे पाचला चांदणी चौक. ताम्हिणी घाटातून खाली, भिऱ्याला देवकुंड, दुपारी माणगावात जेवण, संध्याकाळी महाडजवळ सवला गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसायचं, मुक्काम दापोलीच्या बाजूला कुठल्यातरी किनाऱ्यावर, रविवारी सकाळी समुद्र, दुपारी सुरमई, रात्री अकरापर्यंत पुण्यात. खाली पटापट अंगठे उमटतात. एक जण कॉन्ट्री किती ते विचारतो, एक जण प्लेलिस्टची लिंक टाकतो, एक जण 'बघतो' म्हणतो, आणि तो येणार नाही हे सगळ्यांना तेव्हाच कळतं.

असे प्लॅन मी भरपूर पाहिलेत, काही स्वतः केलेत. त्यांत चहाच्या थांब्यापासून पॉवर बँकेपर्यंत सगळ्याचा विचार असतो. एकाच शक्यतेला जागा नसते. तिथे पोचल्यावर कुणी 'आज नाही' म्हटलं तर? धबधब्याचं पाणी म्हणेल, कुंडावर बसलेली एखादी आजी म्हणेल, समुद्र म्हणेल, नाक्यावरचा पोलीस म्हणेल. त्यासाठी प्लॅन बी असतो, पण प्लॅन बी म्हणजे बहुतेक वेळा दुसरा धबधबा.

या 'आज नाही'कडे आपण सुरक्षिततेच्या सूचनेसारखं बघतो. हेल्मेट घाला, दोरी सोडू नका, त्याच यादीतलं आणखी एक. मला त्यात एक नैतिक प्रश्न दिसतो. एखाद्या जागेनं दिलेला नकार ऐकून घेता येणं ही नुसती सावधगिरी आहे, की त्या जागेशी आपलं जे काही नातं आहे त्याचाच तो भाग आहे? आणि महिन्यातून एकदा दोन दिवस मोकळे मिळालेल्या माणसानं हा नकार मुकाट्यानं ऐकावा, अशी अपेक्षा करणं तरी न्याय्य आहे का?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्यावर उपदेश करणं फारच सोपं आहे. पावसाळ्यात घाटात जाणाऱ्या पोरांवर तोंडसुख घेणं हा आपल्याकडचा ठरलेला मोसमी कार्यक्रम आहे. जूनमध्ये पहिली दुर्घटना घडली की 'हल्लीची पोरं', 'रीलचं वेड', 'आमच्या वेळी असं नव्हतं' सुरू होतं. हे म्हणणाऱ्यांपैकी काहींचं अलिबागला सेकंड होम असतं. त्यांना पाऊस गॅलरीतून बघता येतो, आणि या शनिवारी नाही जमलं तर पुढच्या मंगळवारी जाता येतं. चाकणच्या कारखान्यात पाळ्या करणाऱ्या किंवा दिवसभर पार्सलं पोचवणाऱ्या मुलाला ते जमत नाही. चार जणांनी वॉटर पार्कला जायचं तर प्रत्येकाची दोन-तीन दिवसांची कमाई जाते. धबधब्याला तिकीट नाही. समुद्रालाही नाही. या राज्यातल्या तरुण माणसाला जवळपास फुकट मिळणारं मोठं सुख म्हणजे सह्याद्रीवर पडणारा पाऊस, आणि तो बघायला त्यानं जाऊच नये असं सांगण्याचा अधिकार मला कुणाला द्यावासा वाटत नाही.

म्हणजे नकाराची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. हे लक्षात ठेवूनच घाट उतरू.

*

घाटाच्या आधी मुळशी लागतं. धरणाच्या पाण्यावर ढग उतरलेले असतात, रस्त्याच्या कडेला भाजलेल्या कणसांचा धूर असतो, आणि गाडी हमखास थांबते. मागे ते अथांग पाणी घेऊन फोटो निघतात. या पाण्याखाली मुळशी पेट्यातली गावं आहेत, त्यांची भातखाचरं आहेत. मुंबईला वीज हवी होती म्हणून टाटांनी हे धरण बांधलं, आणि १९२१ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी त्याला 'नाही' म्हटलं. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही ओळख मिळाली ती याच मुळशी सत्याग्रहातून. धरणाविरुद्ध झालेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या आंदोलनांत त्याची गणना होते. तो नकार कुणी ऐकला नाही. धरण झालं, आणि १९२७ पासून मुळशीचं पाणी डोंगराच्या पोटातून भिऱ्याच्या वीजघरात उतरू लागलं. वीज देऊन झाली की ते पाणी कुंडलिकेत सुटतं, आणि कोलाडला आपण ज्या लाटांवर राफ्टिंग करतो त्या याच सोडलेल्या पाण्याच्या.

हे सांगतोय ते कुणाच्या आनंदात विरजण घालायला नाही. कणीस खा, फोटो काढा. पण कोकणात उतरणारी ही वाट एका न ऐकलेल्या नकाराच्या कडेनं जाते, एवढं माहीत असलेलं बरं. इथल्या माणसांना नकार देण्याची सवय आहे, आणि तो ऐकला जात नाही याचीही.

*

पुढे पाऊस जोरात असला तर भिऱ्याला, पाटणूसला किंवा घाटातल्या एखाद्या टपरीवर कुणीतरी बोलतंच. भजी तळता तळता मावशी म्हणतात, "आज नका जाऊ रे पोरांनो, वर लई पडतोय." आकाशाकडे बघावं तर आपल्या डोक्यावर ढग फाटलेले, थोडंसं ऊन पडलेलं. मावशी उगाच घाबरवतायत असं वाटतं.

त्यांना जे माहीत असतं ते असं. ओढ्याचं पाणी आपल्या डोक्यावरच्या पावसानं वाढत नाही, ते वरच्या सड्यावर, पाच-दहा किलोमीटर मागे पडलेल्या पावसानं वाढतं. तो पाऊस दरीत पोचायला वेळ लागतो. म्हणून खाली उघडीप असताना लोंढा येतो. येण्याआधी तो खुणा देतो. स्वच्छ पाणी गढूळ होतं, काटक्या-पाला वाहून येऊ लागतो, आवाज बदलतो, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसू लागतो. या खुणा दिसल्यावर हातात काही मिनिटं उरतात, कधी तेवढीही नाहीत. आणि जाताना घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा परतीच्या वाटेवर छातीएवढा होऊन बसलेला असतो.

तरी आपण जातो. का, याचं साधं उत्तर म्हणजे आपण चार तास गाडी चालवून आलेलो असतो. पेट्रोल जळलंय, सुट्टी खर्ची पडलीय, ग्रुपमध्ये पहिल्यांदाच आलेल्या मित्राला देवकुंड दाखवायचा शब्द दिलाय. जेवढी किंमत आधी मोजली तेवढा नकार ऐकणं अवघड. यात मूर्खपणा कमी आणि हिशेब जास्त असतो, फक्त तो हिशेब चुकीच्या वहीत मांडलेला असतो. ओढ्याला आपल्या पेट्रोलचं काही नसतं.

३० जून २०२४, रविवार. लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. प्रवाहाच्या मधोमध, एकमेकांना घट्ट धरून उभी राहिलेली माणसं. त्यांच्यावर टीका करणाऱ्या कॉमेंटी मी वाचल्या, आणि मला त्यातली एकही सहन झाली नाही. ती माणसं सहलीला आली होती, आणि काही मिनिटांपूर्वी त्या जागी पाणी खेळण्याइतकंच होतं.

त्यानंतर पाण्यात जो उतरतो, त्याच्याबद्दल फार बोललं जात नाही. लोणावळ्यात 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांची पोरं असतात, खोपोली, महाड, कोलाडकडची असतात. यातल्या बहुतेकांचा हा पगारी व्यवसाय नाही. कुणाचं दुकान आहे, कुणी रिक्षा चालवतो, कुणी शिक्षक आहे. फोन आला की दोर घेऊन निघतात. जुलै २०२४ मध्ये माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याजवळच्या दरीत एक पर्यटक पडली, तेव्हा पावसात, वरून दगड येत असताना, तिच्यापर्यंत उतरून तिला वर आणायला अशा पथकांना कित्येक तास लागले. 'माझा जीव, माझी रिस्क' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. ते पूर्ण करायला कुणीतरी रविवारचं जेवण ताटात सोडून उठतं.

*

जॉन स्टुअर्ट मिल नावाच्या इंग्रज विचारवंतानं १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात एका पुलाचं उदाहरण आहे. एक माणूस पुलावर पाय ठेवणार आहे, पूल धोक्याचा आहे हे नक्की झालेलं आहे, आणि त्याला सावध करायला वेळ नाही. अशा वेळी त्याला धरून मागे ओढलं तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाही, कारण नदीत पडायची त्याची इच्छा नाही. पण पूल पडेलच असं नसून फक्त पडण्याची शक्यता असेल, तर त्या माणसाला धोक्याची कल्पना द्यावी आणि निर्णय त्याच्यावर सोडावा. शहाणा माणूस आपला धोका आपण तोलू शकतो, असं मिलचं म्हणणं. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मला ते बिनतोड वाटलं होतं.

१५ जून २०२५, पुन्हा रविवार. तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भारानं कोसळला. चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती, म्हणजे मिलची अट पूर्ण झाली होती, धोक्याची कल्पना दिलेली होती. पण मिलच्या पुलावर एकच माणूस आहे. कुंडमळ्याच्या पुलावर रविवारची गर्दी होती. त्यातल्या प्रत्येकानं आपापल्यापुरता धोका तोलला असता तरी उत्तर बरोबरच आलं असतं, कारण एका माणसाच्या वजनानं तो पूल पडला नसता. एकट्याला विचारलं तर तो म्हणाला असता, माझ्यानं काय होणार आहे? आणि ते खरं होतं. तरी पूल त्या सगळ्या एकेकट्या खऱ्यांच्या वजनानं पडला.

वीकएंडची अडचण इथे आहे असं मला वाटतं. आपण एकटे कधीच नसतो, आणि विचार मात्र एकट्यानं करतो. शनिवार-रविवार सगळ्यांना एकदम मिळतो, तीच पाच लोकेशन सगळ्यांच्या फोनवर येतात. ताम्हिणीत अडकलेल्या गाडीतला प्रत्येक जण 'केवढं ट्रॅफिक आहे यार' म्हणत असतो. आपण ट्रॅफिकमध्ये अडकलोय असं सगळ्यांना वाटतं, आपण ट्रॅफिक आहोत असं कुणालाच वाटत नाही.

मग सरकार काय करतं? बंदी घालतं. पूर्वी कलम १४४ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेतलं १६३ आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, धबधब्याच्या अलीकडे बॅरिकेड लागतं, आणि परिसर बंद होतो. मी बंदीच्या सरसकट विरोधात नाही. भुशीसारख्या घटनेनंतर अधिकाऱ्यानं हातावर हात ठेवून बसावं असं कोण म्हणेल? पण बंदी आणि नकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंदी लांबच्या ऑफिसातून येते आणि सगळ्या दिवसांना सारखी लागू होते. पाऊस नसलेल्या दिवशीही ती असते, त्यामुळे लोकांचा तिच्यावरचा विश्वास उडतो आणि आडवाटेनं जाणं सुरू होतं. मावशींचा नकार त्या दिवसाचा, त्या पावसाचा, त्या ओढ्याचा असतो. उद्या त्याच म्हणतील, "जा की, आज काय नाय."

आणि बंदीत मावशींची टपरीही बंद होते. जून ते सप्टेंबर हेच त्यांचे कमाईचे महिने. जी बाई आपलं गिऱ्हाईक परत जाईल हे माहीत असूनही 'नका जाऊ' म्हणाली, तिचं म्हणणं आम्ही ऐकलं नाही, आणि त्याची शिक्षा तिला झाली.

*

धबधब्याचा नकार निदान मोठ्या आवाजात असतो. गरम पाण्याच्या झऱ्यांवर तो इतका हळू असतो की ऐकू आला नाही तरी कुणाचा जीव जात नाही, आणि म्हणून माझ्या मते खरी परीक्षा तिथे होते.

कोकणात हे झरे एका ओळीत आहेत. ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून पार राजापुरापर्यंत, समुद्राला समांतर. इथे आज ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं, आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. गावांची नावंच बघा. पालीजवळ उन्हेरे, दापोली तालुक्यात उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे. 'ऊन पाणी' म्हणजे गरम पाणी, हे ज्यांच्या आजीनं त्यांना आंघोळ घातलीय त्यांना सांगायला नको. आपण फोनवर 'हॉट स्प्रिंग निअर मी' शोधतो ते या गावांनी आपल्या नावात लिहून ठेवलेलं आहे.

या कुंडांवर सकाळी गेलात तर तिथे पर्यटक नसतात. गुडघे धरलेल्या बाया असतात, अंगावर कसलीशी खाज उठलेला माणूस असतो, रात्रपाळी संपवून आलेला ट्रक ड्रायव्हर असतो. गंधकाचा वास येत असतो. काही कुंडांत पाय बुडवणंही अशक्य, पाणी दुसरीकडे निववून घ्यावं लागतं. काही ठिकाणी बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं. आजी आधी तांब्याभर पाणी पायावर घेतात, हात जोडतात, मग हळूच उतरतात. डोळे मिटून बसतात. पाऊण तास कुणी कुणाशी बोलत नाही.

मग आमची गाडी येते. सहा जण, एक ब्लूटूथ स्पीकर, शाम्पूच्या पुड्या, आणि वर धरलेला फोन. कुणी दुष्ट नसतं. सगळे खूश असतात, आणि खूश माणसाला इतरांची शांतता दिसत नाही. आजी पदर सावरून घेतात आणि कडेला सरकतात. बस, एवढाच त्यांचा नकार. तोंडानं त्या काहीच बोलत नाहीत. उलट म्हणतात, "या, या, बसा." पाव्हण्याला 'नको' म्हणायची पद्धत त्या पिढीत नाही.

मी असा सरकलेला पदर एकदा बघितला, आणि तेव्हापासून मला हा प्रश्न सतावतो. ज्या नकाराला कायद्याचं, पोलिसाचं, मृत्यूचं काहीच बळ नाही, तो ऐकायला आपल्याला काय भाग पाडेल? त्या बाईची आंघोळ आपल्या व्हिडिओत मागे दिसते, ब्लर करूनही दिसते, आणि तिला ते कधी कळणारही नाही. नुकसान मोजायचं तर शून्य. तरीही तिथे काहीतरी घेतलं गेलंय, आणि ज्याच्याकडून घेतलं त्याला न विचारता घेतलं गेलंय, असं मला ठामपणे वाटतं. सार्वजनिक जागा म्हणजे सगळ्यांची जागा हे खरं, पण 'सगळ्यांची' याचा अर्थ 'त्या वेळी तिथे जो आधीपासून आहे त्याची सगळ्यात आधी' असा गावाकडे धरला जातो. पाणवठ्याचा तो जुना नियम आहे. (त्याच पाणवठ्यावर कुणाला येऊच द्यायचं नाही असाही जुना नियम होता, आणि तो मोडायला याच सवजवळच्या महाडात १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला, हे विसरून चालणार नाही. 'आज नाही' आणि 'तू कधीच नाही' यांतला फरक या भागाला चांगला माहीत आहे. दुसऱ्या प्रकारचा नकार ऐकून घेणं हा सद्गुण नाही.)

उन्हाळ्यालाच राजापूरची गंगा आहे. चौदा कुंडं. एरवी कोरडी असतात, आणि साधारण तीन वर्षांनी एकदा अचानक भरून वाहू लागतात, काही आठवडे किंवा महिने राहतात, आणि जशी आली तशी गंगा निघून जाते. अलीकडे हे तीन वर्षांचं गणितही पाळलं जात नाही. जमिनीखाली नैसर्गिक सायफनसारखी रचना असावी, पोकळी भरली की पाणी एकदम बाहेर पडत असावं, असं सांगितलं जातं. पंचक्रोशीत 'गंगा आली' अशी बातमी फिरते आणि लोक आंघोळीला निघतात. हिचा प्लॅन बुधवारी करता येत नाही. ती यायची तेव्हा येते, आणि जाणाऱ्यानं आपला दिवस तिच्या दिवसाशी जुळवून घ्यायचा.

'अतिथी' या शब्दाची फोड परंपरेनं अशी सांगतात की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. त्या हिशेबानं गंगा अतिथी आहे. आपली तिथी मात्र पक्की ठरलेली असते, शनिवार. शिवाय चेक-इन बाराला. आपल्याला देव मानावं अशी अपेक्षा आपण कुठल्या तोंडानं करतो कोण जाणे.

*

समुद्राशी हा वाद घालायला सगळ्यात मजा येते, कारण तो कुणाचंच ऐकत नाही. डिसेंबर २०२४ च्या शेवटी रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक फेरारी वाळूत रुतली आणि शेवटी बैलगाडीनं ओढून काढली. तो व्हिडिओ मी अजूनही उदास वाटलं की बघतो. ओहोटीला ओली वाळू डांबरी रस्त्यासारखी घट्ट दिसते, गाडी पुढे जाते, चाकाखालची वाळू बसते, आणि तासाभरात पाणी वळतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ते विचारायला फक्त काच खाली करावी लागते.

पण ग्रुपवरच्या मेसेजमधल्या त्या सुरमईबद्दल बोलायचं राहिलं. प्लॅन जुलैचा असेल तर ती ताजी नसणार. १ जून ते ३१ जुलै राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, शिवाय खवळलेला समुद्र. बोटी वर ओढून, शाकारून ठेवलेल्या असतात, आणि जाळी दुरुस्त होत असतात. हा नियम सरकारी आहे, पण सरकारच्या आधीपासून कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जात नव्हते. आज सगळेच आनंदानं पाळतात असं नाही. कर्जाचे हप्ते दोन महिने थांबत नाहीत, कुणी चोरून जातं, आणि बंदीचा काळ वाढवावा की नाही यावरून भांडणंही होतात. तरीही ज्याचं पोट समुद्रावर आहे असा माणूस वर्षातले एकसष्ट दिवस 'आज नाही' ऐकतो. त्याच जुलैत त्याच्याच दारापुढून आपण पाण्याकडे पळत जातो, तो ओट्यावरून ओरडतो, "पुढं जाऊ नका, खेच आहे," आणि आपल्याला तो अडाणी वाटतो.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला मला यातलं थोडंसं वेगळं काही दिसलं. ते पावसाळ्यात नाही, फेब्रुवारी-मार्च-एप्रिलात. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री किनाऱ्यावर येऊन, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि मागे न बघता परत जातात. पूर्वी ती अंडी लोक काढून न्यायचे, खायचे. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी राखायचं काम सुरू केलं, आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाला. घराघरांत होमस्टे झाले. दीड-पावणेदोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. नक्की कधी, ते वाळूच्या उष्णतेवर ठरतं.

सकाळी आणि संध्याकाळी लोक दोरीमागे उभे राहतात. कासवमित्र कुंपणात जातो, खड्ड्यावरची टोपली उचलतो. मी गेलो त्या संध्याकाळी साठ-सत्तर माणसं होती. मुंबईहून, पुण्याहून, नाशिकहून आलेली, मुलांना खांद्यावर घेतलेली, फोन सरसावलेले. त्यानं पहिली टोपली उचलली, वाकून बघितलं, ठेवली. दुसरी. तिसरी. मग वळून, कसलीही दिलगिरी न दाखवता म्हणाला, "आज नाही."

लोक काय करतात ते बघत राहिलो. एका बाबांनी विचारलं, "म्हणजे काय? आम्ही सात तास ड्राइव्ह करून आलोय." एकानं विचारलं की एखादा खड्डा जरा उकरून बघता येईल का. कासवमित्र हसला, नाही म्हणाला. दोन-चार गाड्या तिथूनच निघून गेल्या. एका लहान मुलीनं मात्र फार व्यवस्थित प्रश्न विचारला. "त्यांना अजून झोप येतेय का?" "हो गं," तो म्हणाला. ती आईला घेऊन पाण्याकडे शिंपले वेचायला गेली. हळूहळू उरलेले लोकही वाळूत बसले. सूर्य मावळायला अर्धा तास होता. कुणीतरी डबा उघडला. नंतरच्या त्या अर्ध्या तासात किनाऱ्यावर कुणीच कशाची वाट बघत नव्हतं, आणि एवढी माणसं असूनही इतकी शांत गर्दी मी इतरत्र पाहिलेली नाही.

तिथे नकार पचतो, याला कारणं आहेत. दोरी आहे, पण ती धरणारा गावातला आहे. 'आज नाही' म्हणणाऱ्याचा त्यात तोटा आहे, आणि तरी तो ते म्हणतो, म्हणून त्याच्या 'आज आहे'वरही विश्वास बसतो. पिल्लं दिसली नाहीत तरी गावात मुक्कामाचे पैसे राहतात. भिऱ्याच्या मावशींना असं काही नाही. त्यांच्या नकाराच्या मागे ना संस्था, ना दोरी, ना मुक्काम. त्या फक्त भज्याच्या कढईमागून बोलतात. धबधबा बंद असला तरी त्यांच्याकडे दुपारभर बसायला येणारी, जेवून, ओढ्याचा आवाज ऐकून परत जाणारी माणसं मिळाली, तर त्यांचं 'नका जाऊ' जरा जास्त मोठ्यानं येईल की काय, हे करून बघण्यासारखं आहे. खर्च जेवणाचाच आहे.

यंदा मार्चमध्ये पुन्हा वेळासला जायचं म्हणून होमस्टेच्या काकूंना फोन केला. विचारलं, या शनिवारी पिल्लं नक्की आहेत का? कारण बरोबरचे तिघे पहिल्यांदाच येतायत.

"पिल्लांचं काय सांगू बाळा, ती काय आपल्याला विचारून येतात?" काकू म्हणाल्या. "मोदक हवेत का ते सांग. उकडीचे आदल्या दिवशी सांगावे लागतात."

चौघांचे सांगितले.